कोणतं हत्यार घ्यायचं, कोणतं भाड्यानं आणायचं

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या अनेक नव्या टॉवरांत घराच्या भिंती मायव्हान पद्धतीच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या अख्ख्या आरसीसीच्या असतात. पडद्याच्या रॉडसाठी आठ एमएमचं भोक पाडायला जावं, तर घरातलं साधं इम्पॅक्ट ड्रिल नुसतं भुणभुणतं. बिटाचं टोक तापून निळं पडतं आणि भोक होतं जेमतेम अर्धा इंच.

मशीन बिघडलेलं नसतं. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घसरतात. हादरे पुष्कळ बसतात, पण हलके. खरा जोर तुमच्या खांद्याचा. याउलट रोटरी हॅमर या काँक्रीटसाठीच्या ड्रिलमध्ये पिस्टन हवा दाबून बिटावर घाव घालतो. दोन-अडीच किलोच्या मशीनचा घाव साधारण दोन-अडीच जूलचा. फक्त सरळ धरायचं.

मध्येच आवाज बदलला, बिट पुढे सरकेना, की सळई लागली समजा. रेटलंत तर कार्बाइडचं टोक तुटेल. भोक इंचभर सरकवा. स्विचबोर्डच्या सरळ रेषेत वर-खाली मात्र भोक पाडूच नका, वायरिंगचा पाइप तिथूनच गेलेला असतो. भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची असेल तर मशीनचा घाव घालणारा हॅमर मोड बंद ठेवा, नाहीतर भोक मोठं होऊन स्क्रूसाठीचा प्लास्टिकचा प्लग फिरत राहतो.

राहायला येताना दहा-बारा भोकं आणि मग वर्षभर काही नाही, अशा घरानं रोटरी हॅमर भाड्यानंच आणावं. रोज फर्निचर बसवणाऱ्यानं विकत घ्यावं.

पान्यांचं गणित वेगळं. हलक्या प्रतीचा पाना कामच नासवतो. फिक्स पाना, म्हणजे उघड्या तोंडाचा, नटाच्या दोनच बाजू धरतो. जबडा जरा फाकला की कोपरे गोल होतात, मग तो नट कापून काढायची वेळ येऊ शकते. रिंग पाना सगळे कोपरे धरतो. १०, १३, १७, १९ एमएमचे हे चार रिंग पाने चांगल्या कंपनीचे घ्या. एम ६ ते एम १२, म्हणजे सहा ते बारा एमएम जाडीच्या बोल्टांची बहुतेक कामं त्यांवर निघतात. खाडीकडची हवा दमट, तेव्हा पावसाळ्याआधी तेलाचा हात फिरवा.

जुनं ड्रिल घेताय? चक, म्हणजे बिट पकडणारा पुढचा भाग, धरून आडवा हलवा. खेळ असेल तर बेअरिंग गेलंय. मग चालू करून जाळीतून आत बघा. बारीक ठिणग्या चालतील, कार्बन, म्हणजे मोटारला वीज पोचवणारे झिजणारे ब्रश, बदलला की भागतं. कम्युटेटरभोवती, म्हणजे ब्रश घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलाभोवती, ठिणग्यांचं कडं फिरताना दिसलं, तर आर्मेचरवर, म्हणजे मोटारच्या फिरणाऱ्या गुंडाळीवर संशय घ्या. ते मशीन घेऊ नका.