डी ड्राइव्हमधलं अनोळखी फोल्डर

मागनं येतोय तो खटाखट आवाज पॉवरलूमचा, तो मुद्दाम तसाच ठेवलाय. अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर. आणि काचेच्या खोलीत, कापसाच्या तुसानं पांढरा झालेला हा पीसी, चादरीची सगळी डिझाईन्स ह्याच्यातच असतात.

सी ड्राइव्हची पट्टी लाल झालीय बघा, म्हणजे जागा संपत आलीय. आणि डी ड्राइव्हमध्ये हे एक फोल्डर, नाव म्हणजे आकडे आणि अक्षरांची नुसती खिचडी, कुणी बनवलं कुणालाच माहीत नाही, डिलीट केलं तर परवानगी नाही म्हणतंय. कारखान्यातले अण्णा म्हणतात, "व्हायरसच हाय, फॉरमॅट मार की रे." म्हणजे सगळं पुसून टाक. थांबा अण्णा. आधी आत बघू.

आत एमआरटीस्टब नावाची फाईल आहे. डबल क्लिक करायचं नाही, राईट क्लिक, प्रॉपर्टीज, डिजिटल सिग्नेचर्स. मायक्रोसॉफ्टचं नाव दिसतंय आणि सही बरोबर आहे. म्हणजे हे विंडोज अपडेटसोबत येणारं व्हायरस काढायचं टूल, ज्या ड्राइव्हवर जास्त जागा मोकळी तिथं स्वतःला उघडतं आणि काम झालं की आपला पसारा आवरून जातं, पण मध्येच लाईट गेली की पसारा तसाच राहतो. पीसी रीस्टार्ट करून, अपडेट चालू नाही ना बघून, अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून काढलं, गेलं. सहीच नसती तर हात न लावता आधी विंडोजच्याच डिफेंडर अँटिव्हायरसनं स्कॅन केलं असतं.

आता सी ड्राइव्हची जागा. टेम्प फोल्डरमधलं, म्हणजे तात्पुरत्या फाईल्स, काढा, जे वापरात आहे ते निघणार नाही, ते सोडून द्या. पेजफाईल विंडोज मेमरी कमी पडली की वापरतं, तिला हात नको. विंडोज डॉट ओल्ड, म्हणजे अपग्रेडनंतर उरलेलं जुनं विंडोज, ते विंडोजच्याच डिस्क क्लीनअपमधनं काढा, नाहीतर साधारण 10 दिवसांनी आपोआप जातं. फुकटचे क्लीनर मात्र कृपा करून टाकू नका.

आता हे बघा, ह्याच्यासाठीच आम्ही इथं आलोय. लपवलेल्या आणि विंडोजच्या संरक्षित फाईल्स दाखवायचे पर्याय चालू केले आणि हे फोल्डर दिसायला लागलं, फाउंड डॉट 000. लाईट गेल्यावर पीसी परत चालू होताना डिस्क तपासली जाते, तेव्हा जे तुकडे कुठल्याच फाईलला जोडता येत नाहीत ते इथं ठेवले जातात, सीएचके नावानं. लोक कचरा समजून उडवतात. एक फाईल कॉपी केली, कॉपीच हं, मूळ तशीच ठेवायची, आणि नोटपॅडमध्ये उघडली. सगळं अगम्य, पण सुरुवातीची दोन अक्षरं वाचा. बी, एम. बिटमॅप चित्राची फाईल ह्याच दोन अक्षरांनी सुरू होते, आणि जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची, डिझाईन्स ह्या पीसीवर बिटमॅपमध्येच ठेवलीत. कॉपीच्या नावातला टिंबानंतरचा शेवटचा भाग बदलून बीएमपी केला.

उघडली.

मोराची बॉर्डर. अण्णा खुर्ची पुढं ओढतात. "अरे, ही तर आपण परत काढायला दिलीय."

शेजारच्या एका गाळ्यात गेल्या वर्षी सरळ फॉरमॅट मारला, सगळी डिझाईन्स गेली.

फोल्डर आता पेनड्राइव्हवर कॉपी होतंय, आणि टेबलाखाली यूपीएसची नवी बॅटरी बसतेय.