शेंगेन व्हिसाचा अर्ज: योग्य वकिलात, जुळणाऱ्या तारखा

श्रोतेहो, नमस्कार. युरोपातल्या २९ देशांत एकच शेंगेन व्हिसा चालतो. अर्ज मात्र एकाच देशाच्या वकिलातीकडे करावा लागतो, आणि पहिली गफलत होते ती इथेच. ‘ज्याची अपॉइंटमेंट लवकर मिळेल तिथे टाका’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. सहलीसाठी जात असाल, तर ज्या देशात मुक्काम सर्वांत जास्त, त्याच देशाकडे अर्ज करायचा. इटलीत सहा रात्री आणि फ्रान्समध्ये तीन असतील, तर विमान पॅरिसला उतरलं तरी अर्ज इटलीकडे. मुक्काम सारखाच असेल तरच पहिल्या प्रवेशाचा देश बघायचा.

तुम्ही कागद देता ते बहुधा व्हिसा केंद्रात. तिथे कागद तपासून घेतात, बोटांचे ठसे आणि शुल्क घेतात, बस्स. निर्णय वकिलातीतला अधिकारी घेतो. जादा पैसे भरून घेतलेल्या खास सेवेने खुर्ची बरी मिळेल, व्हिसाची शक्यता तसूभरही वाढत नाही.

अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. शेवटची मुदत १५ दिवस आधीची, पण तिच्या भरवशावर राहू नये. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात आणि जास्त चौकशी निघाली तर ४५. प्रौढांचं शुल्क ९० युरो. नकार आला तरी ते परत मिळत नाही.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. विमा किमान ३०,००० युरोंचा. विम्याची एक चूक वारंवार दिसते. परतीचं विमान रात्री बारानंतर सुटतं आणि विमा आदल्या दिवशीच संपलेला असतो! तिकीट, हॉटेल, विमा आणि रजेचं पत्र शेजारी शेजारी ठेवून तारखा ताडून बघा. आणि अर्जाच्या आठवड्यात खात्यात अचानक आलेली मोठी रक्कम हमखास नजरेत भरते. ती कुठून आली याचा कागद सोबत जोडा.

नकार आलाच तर छापील पत्रात कारणापुढे खूण केलेली असते. अपील करता येतं. पण कागदच कमी पडला असेल, तर तो जोडून नवा अर्ज करणं बहुतेक वेळा सोयीचं पडतं.

व्हिसा हातात आला की काउंटरवरच नाव, पासपोर्ट क्रमांक आणि तारखा वाचा. समजा, त्यावर १ मे ते ३० मे असं छापलंय आणि दिवसांच्या रकान्यात १५ आहे. म्हणजे त्या महिन्याभरात राहायचं फक्त १५ दिवस. उतरण्याचा आणि निघण्याचा दिवस दोन्ही यात धरतात; विमान रात्री साडेअकराला उतरलं तरी तो एक दिवस खर्ची पडला.