ऐकणारा लेहरा

(दृश्य: पंचवटीतली एक खोली. तबला, हार्मोनियम, लॅपटॉप.)

एकट्याने तबल्याचा रियाज करायचा, तर लेहऱ्याचं, म्हणजे ताल दाखवत पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या धुनेचं, यंत्र लावतात. ते सोळा मात्रा बिनचूक फिरवतं, पण ऐकत काहीच नाही. वादकाने लय किंचित चढवली तरी यंत्र आपल्याच चालीने जातं. हार्मोनियमवर लेहरा धरणारा माणूस त्या लयीबरोबर सरकतो. संगणकाला हे सरकणं जमेल का?

१९८४ मध्ये पॅरिसला भरलेल्या संगणक-संगीत परिषदेत रॉजर डॅननबर्ग आणि बॅरी व्हर्को यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, वादकाच्या मागोमाग जाणारे प्रोग्रॅम मांडले. तिथल्याच इर्काम या संगीत-संशोधन संस्थेत मिलर पकेट यांनी ‘मॅक्स’ हे संगीताचं सॉफ्टवेअर घडवलं. १९८७ च्या फिलिप मानुरी यांच्या ‘ज्युपिटर’मध्ये संगणक बासरीवादकाचे सूर ओळखत सोबत चालला. पण या सगळ्यांसमोर लिहिलेली स्वरलिपी होती.

आपल्याकडे पुढचा बोल अनेकदा वादकालाच आयत्या वेळी सुचतो. म्हणून मला जॉर्ज लुईस जास्त जवळचे वाटतात. हे ट्रोम्बोनवादक. त्यांच्या ‘व्हॉयेजर’मध्ये आधी लिहिलेलं काही नाही, संगणक ऐकतो आणि स्वतःचं वाजवतो. मात्र त्याला समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, यायचं बंधन नाही. आपल्याला आहे.

(दृश्य: तबल्यावरची बोटं, अगदी जवळून.)

मिनिटाला ३०० मात्रांची द्रुत लय, मात्रेत चार बोल. दोन बोलांत अंतर ५० मिलिसेकंदांचं. संगणक सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतो. १,०२४ नमुन्यांचा गट भरेपर्यंत २३ मिलिसेकंद जातात, म्हणजे जवळजवळ अर्धा बोल निसटला. गट ६४ चा केला तर दीड मिलिसेकंदात भरतो, पण सगळा हिशेबही तेवढ्यात उरकावा लागतो. एकदा जरी चुकला, तरी स्पीकर टक्कन वाजतो.

(दृश्य: गोदाकाठी ढोलपथकाचा सराव.)

नाशिक ढोलाची चौतीस मीटर लांब रांग धरा. एका टोकाचा ताशा दुसऱ्या टोकाला ऐकू यायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. ऐकून मग टिपरू मारणारा मागेच पडणार. ठोका येण्याआधी तो ओळखावा लागतो, आणि संगणकालाही तेच करावं लागतं: मागच्या मात्रांवरून पुढची ताडायची.

(दृश्य: पुन्हा खोली. तिहाई सुरू होते.)

तिहाईत हे फार सुंदर जमतं. पाच मात्रांचा पल्ला, म्हणजे बोलांचा तुकडा, तीनदा, आणि मध्ये एकेक मात्रा दम, म्हणजे थांबा: ५+१+५+१+५, एकूण सतरा. सोळा मात्रांच्या तीनतालात समेपासून उठलेली ही तिहाई सतराव्या मात्रेवर, म्हणजे पुढच्या समेवर पडते. पहिला पल्ला आणि दम ऐकून दुसरा सुरू झाला, की शेवटचा ‘धा’ कुठे येणार याचा हिशेब मांडता येतो.

अवघड आहे ते अतीत-अनागत. वादक मुद्दाम समेच्या मागेपुढे उतरतो, तेव्हा लेहऱ्याने जागा सोडायची नसते. लय खरोखर चढली तर मात्र सोबत जायचं. म्हणून एका आघातावर भिस्त ठेवायची नाही, दोन-तीन आवर्तनांचा कल पाहायचा. तो किती पाहायचा, हे तबलजीने शेजारी बसूनच ठरवायला हवं. पकेट यांचंच ‘प्योर डेटा’ हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं, साध्या लॅपटॉपवर चालतं. तबल्याला एक माइक लावा आणि आधी फक्त विलंबित तीनताल धरा.