थिबाचा वाडा

रत्नागिरीत भाट्याच्या खाडीवरून उठलेला वारा थेट या खिडक्यांवर येतो. सागवानी, अर्धगोल, रंगीत काचांच्या खिडक्या. चिऱ्याच्या भिंती, तीन मजले, वर उतरतं छप्पर. बांधणी कोकणच्या पावसाला साजेशी, पण इथे राहणारा माणूस मंडालेचा. थिबा, ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा.

१८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी जेमतेम दोन आठवड्यांत त्याचं राज्य घेतलं. राजा तेव्हा २६ वर्षांचा होता. आधी मद्रास, मग १८८६ च्या एप्रिलात बोटीनं रत्नागिरी. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला सह्याद्री, आणि रेल्वेचं नाव नाही. नजरकैदेला याहून सोयीचं गाव कुठलं मिळणार?

हा वाडा त्याला लगेच मिळाला, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. तब्बल २४ वर्षं राजघराणं सरकारी बंगल्यांत राहिलं. धाकटी राजकन्या तर रत्नागिरीतच जन्मली. १९१० मध्ये सगळे इथे राहायला आले, तेव्हा राजानं पन्नाशी ओलांडली होती. माडीवरून तो दुर्बिणीनं येणारी-जाणारी जहाजं बघत बसायचा, असं जुनी माणसं सांगतात. १९१६ च्या डिसेंबरात तो इथेच वारला. त्याची आणि धाकट्या राणीची समाधी रत्नागिरीतच आहे. २०१२ मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे डोकं टेकवून गेले.

पण या खोल्यांतून फिरताना मला राजापेक्षा त्याची नात जास्त आठवते.

थोरल्या राजकन्येचा जीव जडला तो राजघराण्याच्या पदरी असलेल्या मराठी दरवानावर. दोघांना मुलगी झाली. १९१९ मध्ये घराणं ब्रह्मदेशी परतलं, पण थोरलीला तिथे करमेना. लेकीला घेऊन ती पुन्हा रत्नागिरीला आली आणि १९४७ मध्ये याच गावात तिनं डोळे मिटले. लेक इथलीच झाली. मराठीत बोलली, मराठी माणसाशी संसार केला, शेणी थापल्या, पोरं वाढवली. आजोबांच्या सिंहासनापासून हजारो मैलांवर, चारचौघींसारखी. २००० साली ती गेली.

वाड्यात आता सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. तिथे गेलात तर राजाबद्दल विचारालच. तिच्याबद्दलही विचारा.