रांगेचं गणित: खोपोलीच्या पार्कातला एक दिवस

(दृश्य: सकाळ. पार्किंगमधून प्रवेशद्वाराकडे येणारी कुटुंबं.)

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरून उतरून खोपोली–पाली रस्त्याला लागलं की इमॅजिका येतं. हा थीम पार्क २०१३ साली सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी शेजारी वॉटर पार्क उभा राहिला. दोन्हींची तिकिटं वेगळी आहेत, आणि दोन्ही एका दिवसात उरकायच्या फंदात पडू नये. कपडे बदलणं, लॉकर, मुलांचे ओले केस, पुन्हा भूक यातच दीड-दोन तास निघून जातात. सहल दोन दिवसांची नसेल तर एकच पार्क निवडा आणि तो नीट बघा.

तयारी घरच्या भिंतीपाशी सुरू होते.

(दृश्य: भिंतीला पाठ लावून उभी मुलगी, डोक्यावर आडवी पट्टी, पेन्सिलची खूण.)

मुलांची उंची चपला-बूट काढून मोजा. टाचा भिंतीला, डोक्यावर पट्टी सपाट. प्रत्येक राइडची किमान उंची पार्कच्या संकेतस्थळावर दिलेली असते, तिच्याशी ती ताडून बघा. दारावरचा कर्मचारी एका सेंटीमीटरचीही सूट देत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. खांद्यावरचा आडणा, म्हणजे बसल्यावर अंगावर येऊन धरून ठेवणारा दांडा, ठरावीक बांध्याच्या शरीरासाठी बनवलेला असतो; लहान मूल त्याखालून निसटू शकतं. कुठल्या राइडवर आपल्याला जाता येणार नाही, हे मुलाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. पाऊण तास रांगेत उभं राहून फाटकापाशी कळलं की होणारी रडारड मग टळते.

निघण्यापूर्वी मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला एक फोटो काढा. मूल हरवलं तर कपड्यांचा रंग घाबरलेल्या आईबापांना आठवत नाही, फोटो मात्र दाखवता येतो. मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने मोबाइल नंबर लिहा.

आता रांग. दिवस वसूल होणार की वाया जाणार, ते इथे ठरतं.

(दृश्य: रोलर कोस्टरचं स्थानक. आडणे खाली येतात, कर्मचारी एकेक ओढून बघतो.)

समजा एका रोलर कोस्टरच्या गाडीत २८ जण बसतात आणि दर तीन मिनिटांनी गाडी सुटते. म्हणजे तासाला २० फेऱ्या, ५६० माणसं. तुमच्या पुढे २८० जण असतील तर अर्ध्या तासात नंबर लागेल. तीच गाडी चार मिनिटांनी सुटायला लागली की तासाला १५ फेऱ्या, ४२० माणसं, आणि तुमचा अर्धा तास ४० मिनिटांचा होतो. हे एक मिनिट खातं कोण? बसल्यावर खिशातून मोबाइल काढणारा, गॉगल कुठे ठेवू म्हणून विचारणारा, चपला काढायला उठणारा. गाडीत बसण्याआधीच खिसे रिकामे केलेत तर मागच्या शंभर माणसांचा वेळ वाचतो.

दुसरी गाडी लगेच का सोडत नाहीत, असं रांगेत नेहमी कुणीतरी विचारतं. कोस्टरचा रूळ टप्प्यांमध्ये विभागलेला असतो आणि एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी असू शकते. पुढची गाडी तो टप्पा सोडून गेल्याची खूण सेन्सरकडून मिळाली नाही तर मागची गाडी आपोआप ब्रेकवर थांबते. चढावर किंवा स्थानकाबाहेर गाडी उभी राहिलेली दिसली तर घाबरू नका. ही यंत्रणा ज्यासाठी बसवली आहे, तेच काम करते आहे.

म्हणून दार उघडल्यावर सगळ्यात आधी मोठा कोस्टर गाठायचा. इथे तो नायट्रो. सुमारे ४० मीटर उंच, ताशी १०० किलोमीटरच्या पुढे वेग, पाच वेळा डोकं खाली पाय वर, आणि पायाखाली फरशीच नाही. सकाळी ऊन कमी असतं आणि रांगही छोटी असते. बंद इमारतींमधल्या राइड, म्हणजे सलीमगढ, आय फॉर इंडिया, मिस्टर इंडिया, या दुपारी बारा ते चारसाठी राखून ठेवा. बाहेर चटके बसत असताना आत सावली आणि थंडावा मिळतो. सकाळचा पहिला तास नाश्त्याच्या टेबलावर किंवा स्मरणवस्तूंच्या दुकानात घालवणं हा सगळ्यात महागडा खर्च. दुकान संध्याकाळीही उघडंच असतं.

नायट्रोला दोनदा बसायचं असेल तर दुसरी फेरी उन्हं कलल्यावर घ्या. दिवसभर धावून आणि उन्हाने चाकांमधलं वंगण पातळ होतं, घर्षण घटतं आणि गाडी सकाळपेक्षा थोडी जोरात पळते. पुढच्या ओळीत नजारा मिळतो. शेवटच्या ओळीला उताराच्या कड्यावरून खेचलं जाण्याचा झटका मिळतो. धाकधूक असेल तर मधली ओळ आणि त्यातही आतली जागा घ्या, तिथे हिसके कमी बसतात.

(दृश्य: बसलेल्या माणसाचं डोकं मागच्या उशीला टेकलेलं, जवळून.)

डोकं उशीला घट्ट टेकवा, नाहीतर आडण्यावर कान आपटतात. पहिल्या उताराच्या तळाशी रक्त पायांकडे ओढलं जातं, तेव्हा काहींच्या डोळ्यांपुढे करडं दिसायला लागतं. तिथे पोटऱ्या, मांड्या आणि पोट आवळून धरा, श्वास मात्र रोखू नका. मळमळीचा त्रास असणाऱ्यांनी कोस्टरवर डोळे उघडे ठेवून रूळ जिकडे वळतो तिकडे बघावं. पडद्यासमोर खुर्ची हलते त्या राइडमध्ये याच्या नेमकं उलटं करायचं. तिथे डोळे सांगतात आपण धावतोय, कानातला तोल सांगतो जागेवरच आहोत, आणि त्या भांडणातून उलटी येते. डोळे मिटले की त्रास कमी होतो.

गर्भवती, हृदयविकार किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब, मानेचं किंवा मणक्याचं दुखणं, नुकतंच झालेलं ऑपरेशन: यांतलं काहीही असेल तर फाटकावरची पाटी तुमच्यासाठीच आहे. घरच्यांच्या आग्रहाला बळी पडू नका.

नाश्ता राइडच्या तासभर आधी आटपा, आणि तो हलका असू द्या. पोहे, इडली चालेल. झणझणीत मिसळ परतीच्या वाटेवर खा. जेवण पावणेबाराला किंवा अडीचनंतर घ्या. मधल्या काळात जेवणाच्या काउंटरवरची रांग कोस्टरच्या रांगेशी स्पर्धा करते. बाहेरचं खाणं सहसा आत नेऊ देत नाहीत, पण तान्ह्या बाळाचं अन्न आणि औषधं यांची आधी चौकशी करून ठेवा. एप्रिल-मे महिन्यात तहान लागायची वाट न बघता घोट घोट पाणी पीत राहा आणि ओआरएसची दोन पाकिटं जवळ ठेवा.

(दृश्य: वॉटर पार्क. घसरगुंडीच्या तोंडाशी उभा कर्मचारी.)

वॉटर पार्क निवडला असेल तर सगळ्यात आधी कपडे. नायलॉन किंवा लायक्राचेच हवेत. सुती कपडा पाणी पितो, जड होतो, अंगाला चिकटतो आणि घसरगुंडीत मध्येच अडकवतो. जीन्सची बटणं आणि चेन फायबरवर चरे पाडतात. त्या चऱ्यांवरून पुढच्या माणसाची पाठ सोलवटते. उभ्या उताराच्या घसरगुंडीत पाय घोट्याशी एकमेकांवर आणि हात छातीवर घट्ट ठेवा. पाय फाकले तर खाली पोचताना पाण्याचा जोर थेट शरीरात घुसतो आणि गंभीर इजा होऊ शकते.

मुलाच्या लाइफ जॅकेटचे खांदे धरून वर ओढून बघा. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते सैल आहे, लहान मापाचं मागा. लाटांच्या तलावात मूल हाताच्या अंतरावर ठेवा. जॅकेट घातलंय म्हणून काठावर बसून मोबाइल बघत राहणं धोक्याचं आहे.

गो-कार्टिंग असेल तिथे ओढणी उतरवून ठेवा, केस अंबाड्यात बांधून हेल्मेटच्या आत घ्या. आपल्या देशात चाकात केस किंवा ओढणी अडकून जीव गेलेले आहेत. यात कुणाचीही भीड बाळगू नका. समोरची मुलगी मोकळ्या केसांनी बसत असेल तर तिला थांबवा.

पावसाळ्यात खोपोलीला धो धो कोसळतो. वीज चमकू लागली की उघड्यावरच्या राइड थांबवतात आणि ढग पांगेपर्यंत सुरू करत नाहीत. तिकीट काढतानाच परताव्याची अट वाचून घ्या.

परतीचं नियोजनही सकाळीच करा. गाडी चालवणाऱ्याने शेवटची राइड सोडून द्यावी, कोरडे कपडे घालावेत, वीस मिनिटं डोळे मिटून पडावं. रविवारी संध्याकाळी द्रुतगती मार्गाला गर्दी असते. लोकलने आलेल्यांनी कर्जत–खोपोली गाड्यांची वेळ आधीच बघून ठेवावी. या फाट्यावर दोन गाड्यांमधलं अंतर मोठं असतं, आणि पार्कातून स्टेशनापर्यंतच्या रिक्षाचा वेळ त्यात वेगळा धरावा लागतो.