आधी महिना, मग नकाशा

श्रोते हो, नमस्कार.

सहल ठरली की आपण पहिल्यांदा काय करतो? मोबाईल काढतो आणि अंतर बघतो. मग हॉटेल शोधतो. तिथे खायला काय चांगलं मिळतं, हा विचार येतो तो वाटेत भूक लागल्यावर. पण खाण्यासाठीच गाडी काढायची असेल, आणि नुसतं ताटापर्यंत नाही तर ते पिकवणाऱ्या-बनवणाऱ्या माणसापर्यंत पोचायचं असेल, तर हा क्रम उलटा करावा लागतो. आधी महिना ठरवायचा. नकाशा मग.

कारण साधं आहे. जुलैत कोल्हापूरला गेलात तर तांबडा-पांढरा रस्सा मिळेल, मिसळ मिळेल, पण गुऱ्हाळ बंद असेल. ऑक्टोबरात वेंगुर्ल्याला काजू दुकानात मिळतील, झाडावर नाही. दुकानाला बारा महिने असतात, शेतकऱ्याला हंगाम असतो.

म्हणून आज मी तुम्हाला एकच वाट सांगणार आहे: तासगाव, सांगली, कोल्हापूर, आजरा, आंबोलीचा घाट आणि खाली वेंगुर्ला. वेळ फेब्रुवारीचा शेवटचा आणि मार्चचा पहिला आठवडा. या पंधरवड्यात बेदाणा शेडवर असतो, हळद शिजत असते, गुऱ्हाळं अजून चालू असतात आणि कोकणात काजू नुकता सुरू झालेला असतो. चार हंगाम एकमेकांना जेमतेम शिवतात ते याच दिवसांत.

सुरुवात तासगावच्या बाजूने करा. द्राक्षबागांच्या मधून जाताना उघड्या बाजूंच्या, वर छप्पर आणि आत जाळीचे मजल्यावर मजले असलेल्या लांबलचक शेड दिसतात. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल मिसळलेल्या पाण्यात बुडवून या जाळ्यांवर पसरतात. त्याने सालीवरचा मेणासारखा थर सैल होतो आणि आतलं पाणी लवकर निघून जातं. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. सावलीत वाळतो म्हणून हिरवट राहतो, आणि गंधकाची धुरी दिली की पिवळा होतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हा माल याच भागाचा अशी कायदेशीर ओळख. शक्य झालं तर तासगावात किंवा सांगलीत बेदाण्याचे सौदे चालू असताना जा. माल बघता बघता मूठमूठ बेदाणा जमिनीवर उधळला जातो, आणि ज्याचा माल आहे तो शेतकरी ते मुकाट्याने पाहत उभा असतो. शेतकऱ्यांची ही तक्रार जुनीच आहे. मला स्वतःला ते बघवत नाही, पण बेदाण्याची किंमत कशी ठरते हे कळायला तिथे अर्धा तास उभं राहायला हवं.

सांगलीत हळद. काढणी झाली की हळकुंडं शिजवायची, उन्हात पसरायची, कडक वाळली की ड्रममध्ये फिरवून पॉलिश करायची. पूर्वी हे शिजवणं काहिलीत व्हायचं, आता बहुतेक ठिकाणी वाफेचे कुकर आलेत. शहराला लागूनच हरिपूर आहे, कृष्णा-वारणेच्या संगमावर. तिथली हळदीची पेवं प्रसिद्ध. जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी अरुंद कोठारं. तिथली माती अशी की हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुराने यातल्या बऱ्याच पेवांची वाट लावली. संगमेश्वराचं दर्शन घ्यायला लोक येतात आणि पेवांकडे न बघता परत जातात. तुम्ही तसं करू नका. सांगली सोडताना भडंगाचा पुडा गाडीत असतोच, तो मी सांगायला नको.

आता कोल्हापूर. इथे घाई करू नका. खरं म्हणजे या सगळ्या प्रवासातला माझा लाडका थांबा हाच.

गुऱ्हाळ बघायचं तर आदल्या दिवशी फोन करायचा आणि विचारायचं, ‘मामा, उद्या पहिलं आधण कधी लागतंय?’ आधण म्हणजे एका वेळी काहिलीत चढणारा रस. उत्तर बहुधा ‘पहाटं या’ असंच येतं. आणि पहाटेच जायचं. आठला नाश्ता करून दहाला पोचलात तर पहिलं आधण उतरलेलं असेल. उसाचा रस मोठ्या काहिलीत पडतो, खाली चिपाडाचा जाळ. रस तापायला लागला की रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस त्यात घालतात. त्याने मळी वर येते आणि ती झाऱ्याने काढत राहतात. एका आधणाला अडीच-तीन तास जातात. शेवटची पंधरा मिनिटं मात्र डोळ्याची पापणी लववायची नाही. बुडबुडे बदलतात, फेस आत बसतो, वास बदलतो. गुळव्या थोडा पाक गार पाण्यात टाकतो आणि बोटांनी त्याची गोळी वळते का ते बघतो. वळली, की लगेच काहील उतरवायची. थोडा उशीर झाला तर गूळ करपट, लवकर उतरवला तर मऊ पडून पाणी सुटणारा. थर्मामीटर मिळतो बाजारात, पण गुळव्याचा भरवसा आपल्या बोटांवर. मुलं बरोबर असतील तर त्यांचा हात सोडू नका. उकळता पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, कातडीला चिकटतो.

कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली मानांकन मिळालं. त्याच्या कितीतरी आधी, १८९५ साली, शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवली ती गुळाचा व्यापार वाढावा म्हणून. आज गुऱ्हाळं पूर्वीच्या मानाने खूपच कमी उरलीत. ऊस साखर कारखान्याला घालणं सोपं पडतं, गुळव्या आणि मजूर मिळत नाहीत. आणि पिवळाधमक गूळ मागणारे आपणच आहोत. तो रंग आणायला काही जण रसायन घालतात, काही जण साखरही मिसळतात. तेव्हा गुऱ्हाळावर उभे असाल तर तपकिरी गूळ मागा, आणि एक बाटली काकवी, म्हणजे गूळ होण्याआधीचा पातळ पाक. बाटली घरूनच न्या, घट्ट झाकणाची. काकवी डिकीत सांडली तर पुढचा सगळा प्रवास मुंग्यांबरोबर करावा लागतो.

संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जा. म्हैस समोर उभी, धार तुमच्या पेल्यात. पोटाला झेपेल की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं. रस्सा आणि मिसळीबद्दल मी बोलत नाही, त्यावर प्रत्येक कोल्हापूरकराचं वेगळं मत आहे आणि तो ते तुम्हाला न विचारता सांगेल.

कोल्हापूरहून गडहिंग्लजकडे निघालात की मिरचीचा टापू लागतो. संकेश्वरी मिरची लांब, सुरकुतलेली, रंगाने लाल आणि चवीला झणझणीत. घरी चटणी करून ठेवणाऱ्यांनी इथेच मिरची घ्यावी. पुढे आजरा. आजरा घनसाळ हा आखूड दाण्याचा सुवासिक तांदूळ, मानांकन २०१६ चं. भात नोव्हेंबर-डिसेंबरात निघतं, त्यामुळे फेब्रुवारीत शेतात बघायला काही नाही. पण गिरणीवर जाऊन भरडलेला तांदूळ हातात घेऊन वास घ्या. खात्री करायची असेल तर तिथल्या एखाद्या खाणावळीत साधा वरणभात मागा. बिर्याणीत घालून या तांदळाचा वास मारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग आंबोली आणि घाट उतरून सावंतवाडी, वेंगुर्ला.

वेंगुर्ल्याला फळसंशोधन केंद्र आहे. कोकणातल्या बागांमध्ये ‘वेंगुर्ला-४’, ‘वेंगुर्ला-७’ अशी काजूची नावं ऐकू येतात ती तिथल्याच जातींची. कारखाना बघायचा असेल तर सकाळीच. बी वाफवतात, गार करतात, मग बाया यंत्रावर एकेक बी ठेवून कापतात. टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं. हातमोजे नसतील त्यांची बोटं बघा, आणि मग काजू महाग का, असं विचारायची इच्छा राहिली तर विचारा. पुढे भट्टीत सुकवणं, साल काढणं आणि प्रतवारी. पाकिटावर ‘डब्ल्यू ३२०’ लिहिलेलं असतं म्हणजे एका पौंडात तीनशे ते तीनशेवीस अख्खे गर. आकडा लहान तितका गर मोठा. एक प्रश्न मात्र जरूर विचारा: बी इथलीच का? बरेच कारखाने आफ्रिकेतून बी आणतात, कारण इथली वर्षभर पुरत नाही. त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण वेंगुर्ल्याचा म्हणून पैसे देताना माहीत असलेलं बरं.

या दिवसांतलं खरं धन म्हणजे ओले काजू. शेकड्यावर विकले जातात. त्यांची उसळ घरगुती खाणावळीत आदल्या दिवशी सांगून करून घ्या. ते टिकत नाहीत, म्हणून हा थांबा मी शेवटी ठेवलाय. वेळ असेल तर तसेच गोव्यात उतरा. तिथे मार्चात काजूची बोंडं तुडवून रस काढायचं काम सुरू होतं. पहिल्या वाफेचं ते उर्राक, पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी. पण गाडी चालवणाऱ्याने फक्त बघायचं.

एक अडचण मला माहीत आहे. फेब्रुवारी-मार्चात मुलांच्या परीक्षा. अशांनी नाताळच्या सुट्टीत निघावं. गुऱ्हाळ मिळेल, आजऱ्याचा नवा तांदूळ मिळेल, बेदाणा आणि काजू राहून जातील. आणि फक्त मे महिनाच मोकळा असेल, तर घाटावरचं सगळं सोडा आणि सरळ सिंधुदुर्ग गाठा. तेव्हा रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पिकलेले असतात. घरोघरी अंगणात फळं फोडून सालं वेगळी करतात, मीठ घातलेल्या त्यांच्याच रसात बुडवून वाळवतात, परत बुडवतात, परत वाळवतात. अशी पुटं चढत चढत अमसूल काळसर होतं. रसाचं आगळ बाटल्यांत भरून ठेवतात. कुठल्याही घरासमोर थांबून ‘काकी, आगळ मिळेल का?’ विचारलंत तर बहुतेक वेळा मिळतं. फक्त मिरगाच्या आधी जा. पाऊस आला की अंगणं रिकामी होतात.

नमस्कार.