मांडीच्या मागचा स्नायू आणि फुटबॉलपटूंचा गुडघा

मंडळी, आणि पुढं सतरंजीवर बसलेल्या पोरापोरींनो, विषय गुडघ्याचा आहे, पण मी जास्त बोलणार आहे मांडीबद्दल. मांडीचं हाड आणि नडगी एकमेकांवर धरून ठेवायला आतून लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारे चिवट पट्टे असतात, बाहेरून स्नायू. पुढचा क्वाड्रिसेप्स गुडघा सरळ करतो, चेंडूला लाथ बसते ती त्याच्या जोरावर. मागचा हॅमस्ट्रिंग गुडघा वाकवतो, आणि जोरात पळताना पुढं फेकलेला पाय आवरतो. ब्रेकच म्हणा ना. आपल्याकडं पुढची मांडी सहसा कमी पडत नाही. तालमीत बैठका होतात, पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर पळणं होतं. मागच्या मांडीसाठी मुद्दाम काही करणारा पोरगा मात्र क्वचित दिसतो.

आता हेडर मारून, म्हणजे उडी घेऊन डोक्यानं चेंडू मारून खाली आलेला खेळाडू डोळ्यांपुढं आणा. गुडघा जवळपास सरळ, थोडा आत झुकलेला. पुढचा स्नायू आकसतो आणि नडगीला पुढं ओढतो. तिला अडवतं ते एसीएल नावाचं लिगामेंट. हॅमस्ट्रिंग नडगी मागं ओढून एसीएलवरचा ताण कमी करतो, पण पाय सरळ असला की त्याला नीट ओढताच येत नाही. पाय टेकल्यापासून साधारण 50 मिलिसेकंदांत लिगामेंट फाटून जातं, आणि बऱ्याचदा समोरच्याचा धक्का लागलेलाही नसतो. म्हणून नुसती ताकद पुरत नाही. गुडघा वाकवून उतरायची, वळताना तो आत न पडू देण्याची सवय लागते. त्यात आपली मैदानं. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी माती, नाहीतर दगडासारखा मुरूम. पावसात बुटाला चिकटणारा चिखल. पाय जमिनीत रुतला आणि अंग वळलं, की पीळ गुडघ्यालाच बसतो.

ताकद मोजायला आयसोकायनेटिक नावाचं यंत्र असतं. गुडघा ठरावीक वेगानं हलतो आणि दोन्ही स्नायूंचा जोर आकड्यांत कळतो. सेकंदाला 60 अंशांच्या वेगावर मागचा जोर पुढच्याच्या 60 टक्के तरी असावा, असा जुना दंडक आहे. 2008 साली व्यावसायिक फुटबॉलपटूंवरचा एक अभ्यास आला. ज्यांच्यातला असमतोल तसाच राहू दिला, त्यांचे हॅमस्ट्रिंग चार-पाच पटींनी जास्त दुखावले. झालं, यंत्राचा बोलबाला झाला. पुढं कतारमध्ये 600 हून अधिक खेळाडू तपासले, तेव्हा हा संबंध फारच फिका निघाला. यंत्र पाहून अमक्याला दुखापत होणार, तमक्याला नाही, असं छातीठोक सांगता येत नाही. परभणी-हिंगोलीच्या पोरांना लाखोंचं यंत्र मिळत नाही याची मला म्हणूनच फारशी खंत वाटत नाही.

व्यायामाचा पुरावा मात्र भक्कम आहे. नॉर्डिक: गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदारानं घोटे दाबून धरायचे, आणि अंग ताठ ठेवून हळूहळू पुढं झुकत जायचं, आवरेनासं झालं की हात टेकायचे. डेन्मार्कमध्ये 942 खेळाडूंचे दोन गट केले. नॉर्डिक करणाऱ्यांत हॅमस्ट्रिंगच्या 15 दुखापती झाल्या, न करणाऱ्यांत 52. पण पहिल्याच आठवड्यात तीस-तीस मारू नका, मांड्या अशा भरून येतील की दुसऱ्या दिवशी पायरी उतरवणार नाही. पहिल्या आठवड्यात एकच दिवस, पाच-पाचचे दोन सेट. मग चढवत न्या.

नॉर्डिकनं वाचतो तो मुख्यतः हॅमस्ट्रिंग. गुडघ्यासाठी फिफाचा ‘11+’ वॉर्मअप आहे: पळणं, ताकद, तोल, उड्या, एकूण वीस मिनिटं, साहित्य चेंडूपलीकडं काही नाही. नॉर्वेत 13 ते 17 वर्षांच्या मुलींवर तो वापरला, तेव्हा गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. मुलींना एसीएलचा धोका मुलांपेक्षा दोन-तीन पट असतो. आपल्याकडं अंधार पडायच्या आत घरी जायचं म्हणून मुलींचा सराव आधीच तोकडा, त्यात वॉर्मअपलाच पहिली कात्री लागते. प्रशिक्षकांनो, कात्री लावायचीच तर शेवटच्या मॅचला लावा.

एसीएल फाटून ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांच्या आईवडिलांना एक सांगतो. भरती आली म्हणून चौथ्या महिन्यात पोराला पळवू नका. नऊ महिने तरी जाऊ द्या, आणि त्या पायाची ताकद दुसऱ्याच्या 90 टक्क्यांवर आल्याशिवाय मैदानात पाठवू नका. चालताना दुखत नाही म्हणजे पाय तयार झाला, असं नसतं. पुढची मांडी ऑपरेशननंतर कितीतरी महिने बारीकच राहते. टेपनं दोन्ही मांड्यांचा घेर मोजून बघा, अंदाज येईल.

आता जोड्या करा. गुडघ्याखाली सतरंजीची दुहेरी घडी घाला, आणि घोटे धरणाऱ्यानं हसायचं नाही, हात सुटला तर समोरच्याचं तोंड आपटतं.